पार्सलीचा मुकुट

बॉस्टनच्या उत्तरेला नॉर्थ अँडोव्हर लागतं. आपल्यापैकी कितीतरी जण त्या बाजूने जा-ये करतात, पण अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही कवयित्री त्याच परिसरात संसार करत होती, हे सहसा ठाऊक नसतं. १६३० साली ‘आर्बेला’ जहाजातून ती इंग्लंडहून आली, तेव्हा जेमतेम अठराची. पुढे आठ मुलं, आजारपणं, आणि वडील व नवरा दोघेही वसाहतीच्या कारभारात. अशा प्युरिटन घरात कविता लिहायची म्हणजे जपूनच. १६३७ मध्ये अ‍ॅन हचिन्सन या बाईवर खटला भरला गेला, कारण ती घरी लोक जमवून धर्मावर बोलायची. तिला वसाहतीबाहेर काढणाऱ्यांत आपल्या कवयित्रीचे वडील, थॉमस डडली, होते!

म्हणून ब्रॅडस्ट्रीट आवाज चढवत नाही. ‘प्रोलॉग’ या कवितेत ती आधी स्वतःला कमीच लेखते: राजे, लढाया हे थोर विषय माझे नव्हेत, पुरुष श्रेष्ठ, मान्य. (कवी फार नम्र झाला की पुन्हा वाचा, असं मी वर्गात सांगायचे.) मग हळूच नोंदवते की, माझ्या हाताला सुईच शोभते म्हणणारे आहेत, आणि कविता चांगली झालीच तर ते ती चोरलेली तरी ठरवतील, नाहीतर योगायोग. शेवटी मागते काय, तर कवींचा मानाचा लॉरेल नको, थाइम-पार्सलीचा मुकुट द्या. म्हणजे आपल्याकडे कोथिंबिरीचा म्हणा ना! मला यात नम्रता कमी आणि चिमटा जास्त दिसतो. परसातल्या पाल्याचा का होईना, मुकुट तिने मागितलाच.

१६५० मध्ये तिचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. हस्तलिखित तिच्या बहिणीच्या नवऱ्याने तिला न विचारता नेलं होतं. प्रस्तावनेत त्याने ग्वाही दिली की, बाईंनी हे झोपेचे तास कापून लिहिलं आहे. घरकाम बुडालं नाही, हे आधी सांगावं लागलं!

तिने त्यावरही कविता केली. पुस्तक म्हणजे तिचं मूल, घरच्या जाड्याभरड्या कापडातलं. बापाचं नाव विचारलं तर ‘नाही’ म्हण, असं ती त्याला शिकवते. गव्हर्नरच्या मुलीची ही कविता छापली गेली १६७८ मध्ये, बॉस्टनला. तोवर तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.