जुन्या रंगाखालचे ‘हैदराबाद’

ब्रिटिश हवाई दलात ‘हैदराबाद’ हे नाव लावणारी तीन स्क्वाड्रन होती. १९१८ मध्ये ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळालेली डीएच-९ए जातीची विमाने सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिली होती आणि तसा उल्लेख त्या विमानांवर रंगवलेला होता. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने स्पिटफायर, तर २५३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने हरिकेन विमाने घेऊन १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईत भाग घेतला. १५२ च्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच असल्याने हा इतिहास मराठी वाचकालाही परका नाही.

आज ही विमाने बहुतेकांना भेटतात ती प्लास्टिकच्या प्रतिकृतींतून. मूळ आकाराच्या बहात्तराव्या भागाएवढ्या प्रमाणात स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. बालपणी हौसेने जोडलेले असे विमान अनेक घरांच्या कपाटात अजूनही असते. मात्र त्यावर जाड हाताने चढवलेल्या रंगात पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेषा बुजलेल्या असतात. त्यावर नवा थर दिला, तर उरलेसुरले बारकावेही नाहीसे होतात. म्हणून आधी जुना रंग उतरवणे आवश्यक ठरते.

येथे एक मूलभूत अडचण आहे. खऱ्या विमानाची कातडी प्रामुख्याने ॲल्युमिनियमची असते. तिला तीव्र द्रावक सोसतो. प्रतिकृती मात्र बहुधा पॉलिस्टायरीनची असते. ॲसिटोन, नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोनयुक्त द्रव्य, थिनर किंवा पेट्रोल लावल्यास रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळते, मऊ पडते किंवा तडकते. रंगावर हल्ला करील, पण प्लास्टिकला हात लावणार नाही, असे द्रव्य निवडणे हेच या कामाचे मर्म होय.

त्यासाठी आधी रंगाची जात ओळखावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पंखाच्या खालच्या बाजूस हलकेच घासावा. बोळ्यावर रंग उतरला, तर तो बहुधा ॲक्रिलिक असतो. अशी प्रतिकृती झाकणाच्या डब्यात अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून ठेवावी आणि मग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, कोरलेल्या रेषांत लाकडी दातकोरण्याने, सैल झालेला रंग काढावा. घराघरांत असणारे डेटॉलही हे काम करते. परंतु रंग पूर्ण निघण्याआधी त्यावर पाणी पडले, तर चिकट राळेसारखा गोळा बनतो. म्हणून डेटॉल वापरताना ब्रशही डेटॉलमध्येच बुडवावा आणि पाण्याने धुणे शेवटी ठेवावे.

वर्षानुवर्षे वाळलेला एनॅमल रंग अल्कोहोलला सहसा दाद देत नाही. त्यावर कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण चालते, कारण तो तेलयुक्त रंगाचा बंध तोडतो आणि पॉलिस्टायरीनला इजा करत नाही. मात्र हा उपाय प्रौढांनीच करावा. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा अनिवार्य आहे. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडाथोडा टाकावा. सोड्यावर पाणी ओतल्यास द्रावण उसळून अंगावर उडते. भांडे प्लास्टिकचे घ्यावे. ॲल्युमिनियमच्या पातेल्याशी सोड्याची अभिक्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. लॅकर रंग मात्र हट्टी असतो, कारण त्याचे द्रावक प्लास्टिकलाही खातात. तो बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, सावकाश घासणेच बरे. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असल्याने कोरडे घासून धूळ उडवू नये.

कोणताही उपाय करण्यापूर्वी पारदर्शक काचघर निघत असल्यास वेगळे करावे. ते सहज धुरकट होते. चिन्हांचे चिकटवलेले कागद, म्हणजे डिकल, रंगासोबत जातील हे गृहीत धरून आधी छायाचित्र काढून ठेवावे. जुने सांधेही सुटू शकतात, म्हणून गळलेले सुटे भाग हरवू नयेत यासाठी गाळणी जवळ ठेवावी. धुण्यास कोमट पाणी पुरे; उकळत्या पाण्यात प्लास्टिक वाकते. अल्कोहोलची वाफ पेटते, तेव्हा जवळ समई, उदबत्ती किंवा शेगडी नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. वापरलेले द्रव्य विहिरीच्या आसपास किंवा मोरीत ओतू नये. ते बंद बाटलीत साठवून घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे.

रंग उतरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: आता कोणता रंग द्यायचा? १९४० मध्ये १५२ स्क्वाड्रनच्या स्पिटफायरवर वरून मातकट तपकिरी व गडद हिरवा रंग असे आणि धडावर ‘यूएम’ ही अक्षरे असत. पुढे हीच स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली, तेव्हा तिच्या विमानांच्या धडावर झेपावणारा काळा बिबट्या चितारलेला होता. मात्र ती विमाने स्पिटफायरच्या मार्क आठ या प्रकारातील होती. मार्क एकच्या संचावर बिबट्या रंगवल्याने ते मार्क आठ होत नाही. दोहोंची घडण वेगळी आहे. त्यामुळे रंग काढल्यावर समोर येणारे प्लास्टिक नीट पाहावे, ते कोणते विमान आहे हे ठरवावे आणि मगच रंगाची डबी उघडावी.

जुने संच बाजारातून नाहीसे झाले की पुन्हा मिळतीलच, याची शाश्वती नसते. द्रावक निवडताना घाई केली, तर एका रात्रीत त्याचा लगदा होतो. म्हणून सौम्य उपायापासून सुरुवात करावी, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घ्यावी आणि परिणाम पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. संयम बाळगल्यास बुजलेल्या रेषा पुन्हा स्पष्ट होतात आणि तळहाताएवढ्या पंखांवर ‘हैदराबाद’चा इतिहास नव्याने रंगवता येतो.