वस्तादापासून काय लपवायचे?

शहापुरात वाढलेल्या माझ्या पिढीला व्यायाम म्हटले की प्रथम तालीम आठवते. तांबडी माती, कोनाड्यातला मारुती आणि वस्तादांची धाक घालणारी नजर! याच सीमाभागातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये हिंदकेसरी झाले, ही कथा आम्हाला घरोघरी ऐकवली जाई. त्या तालमीचा एक अलिखित नियम होता. वस्तादांपुढे पोराने तोंड उघडायचे नाही. सांगितले तेवढे जोर काढायचे, सांगितल्या तेवढ्या बैठका मारायच्या.

ते मौन तेव्हा खपून जाई, कारण वस्ताद बहुधा त्याच गल्लीतले असत. कोण तापातून उठला आहे, कोणाचा हात लहानपणी मोडला होता, कोणाच्या घरी दूध परवडत नाही, हे त्यांना न सांगता ठाऊक असे. आज तालमीची जागा व्यायामशाळेने आणि योगवर्गाने घेतली आहे. बेळगाव असो, बडोदे असो वा इंदूर, तेथील शिक्षक आपल्याला दिवसातून तासभर पाहतो. आपल्या घरातले त्याला काय कळणार? शेजार गेला, तोंड न उघडण्याची सवय मात्र आपण जपून ठेवली आहे.

याचा धडा मला पन्नाशीनंतर मिळाला. ज्या वर्गाला मी जाऊ लागलो, तेथील शिक्षक माझाच जुना विद्यार्थी निघाला. रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे त्याला सांगण्याची मला लाज वाटली. मुख्याध्यापकाने शिष्यापुढे दुबळेपणा कसा कबूल करावा? आठव्या दिवशी खाली वाकून झटकन उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने मला सावरून बसवले.

"सर, कसल्या गोळ्या चालू आहेत काय?"

"रक्तदाबाची. तीन वर्षे झाली."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही काय, सर? आम्ही वर्गात काही लपवलं की तुम्हीच रागवत होता!"

मी निरुत्तर झालो.

या संदर्भात बेळगावशी निगडित एक गोष्ट स्मरणीय आहे. येथे सिव्हिल सर्जन असलेले डॉ. व्ही. बी. गोखले निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार हा तरुण योगशिक्षक पुण्यास आला. त्याला मराठी येत नव्हते, आणि बालपण आजारपणातच गेले होते. पुढे प्रात्यक्षिकांच्या वेळी डॉक्टर शरीराची रचना समजावून सांगत आणि अय्यंगार आसने करून दाखवत. वैद्यकाचे ज्ञान आणि व्यायामाचे ज्ञान असे एकमेकांशी बोलू लागले. ज्याला आसन जमत नाही, त्याला दोर, खुर्ची, लाकडी ठोकळा यांचा आधार देण्याची अय्यंगारांची पद्धत पुढे जगभर गेली. परंतु कोणता आधार द्यायचा हे ठरवण्यासाठी उणीव कोठे आहे, ते आधी कळावे लागते.

तेव्हा पहिल्याच दिवशी काय सांगावे? हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू, जुनी शस्त्रक्रिया, गुडघ्याचे किंवा कमरेचे दुखणे, गर्भारपण, आणि चालू असलेले प्रत्येक औषध. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मंद राहते, त्यामुळे तिच्यावरून श्रमाचा अंदाज चुकतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात एकाएकी उतरू शकते. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन अपायकारक ठरते. श्वास कोंडून वजन उचलल्यास रक्तदाब एकदम चढतो. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ येणे नव्हे. छातीत दडपण आले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तत्क्षणी थांबावे आणि तसे बोलावे. दडपण ओसरत नसेल, तर वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.

जबाबदारी एकट्या शिष्याची नाही. जो शिक्षक काहीच विचारीत नाही आणि 'दुखते' म्हटल्यावर हसतो, त्याचा वर्ग खुशाल सोडावा. खऱ्या जाणत्याला 'हे आज मला झेपणार नाही' या वाक्याचा राग येत नाही.

त्या दिवसापासून मी वर्गात पाऊल टाकताच तो विचारतो, "सर, आज गोळी घेतली काय?" आणि मी वर्गातल्या मुलासारखे खरे उत्तर देतो.