यांत्रिक होडीतील विद्युतदोषांचा शोध : विभवांतराच्या घटीचे मापन

प्रस्तावना

कोकण किनाऱ्यावरील लहान यांत्रिक होड्यांमध्ये डिझेल इंजिन सुरू करणे, दिशादर्शक दिवे लावणे, बिनतारी संच चालविणे आणि तळाशी साचणारे पाणी पंपाने उपसणे ही सर्व कामे १२ अथवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असतात. किनाऱ्यापासून दूर ही व्यवस्था बंद पडल्यास इंजिनाबरोबरच मदत मागण्याचे साधनही हातचे जाते. असे असूनही या दोषांची दुरुस्ती बहुधा अंदाजाने होते. प्रथम बॅटरी बदलली जाते, नंतर स्टार्टर उतरविला जातो आणि खर्च होऊनही दोष तसाच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका तांडेलाने एकाच हंगामात दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. दोष अखेर सापडला तो ऋण बाजूच्या जाड वायरीच्या काळवंडलेल्या लगमध्ये. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असलेल्या ओहमच्या नियमाच्या आधारे असा दोष थोड्या वेळात कसा शोधता येतो, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दिवा लागतो, स्टार्टर फिरत नाही

खलाशांची नेहमीची तक्रार अशी असते की, दिवा लखलखीत लागतो, म्हणजे बॅटरीत जोर आहे. परंतु स्टार्टरची कळ दाबली की नुसता 'टक्' असा आवाज येतो. यातील विसंगती वरवरची आहे. जोडणीच्या ठिकाणी क्षार साचून ०.०१ ओहम इतका अत्यल्प रोध निर्माण झाला आहे, असे समजू. २४ वॅटच्या दिव्यास १२ व्होल्टवर २ अँपिअर धारा लागते. तेव्हा या जोडणीत केवळ ०.०२ व्होल्टची घट होते व ती डोळ्यांना जाणवत नाही. लहान डिझेल इंजिनाचा स्टार्टर सहज २०० अँपिअर धारा मागतो. तेवढी धारा याच जोडणीतून वाहू लागली, तर घट २ व्होल्टची होते आणि ४०० वॅट शक्ती त्या एका लगमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च होते. प्रत्यक्षात रोधामुळे धाराही काहीशी कमी होते, म्हणून हे आकडे कमाल मर्यादेचे मानावेत. तथापि चार-दोन प्रयत्नांनंतर लग हाताला गरम लागतो, ही खूण जुन्या जाणत्या खलाशांना शास्त्र न शिकताही माहीत असते.

येथे मल्टिमीटरने थेट रोध मोजण्याचा उपाय निरुपयोगी ठरतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध या दोषाच्या दसपट असू शकतो. शिवाय स्वस्थ असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसणे म्हणजे ती भारित आहे एवढेच. भार पडल्यावर ती टिकेल याची हमी त्यात नाही. म्हणून मापन धारा वाहत असतानाच केले पाहिजे.

मापनाची पद्धती

प्रथम इंजिन गिअरमधून काढावे आणि त्याचा डिझेलपुरवठा बंद ठेवावा, म्हणजे ते फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर व्होल्टच्या श्रेणीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या धन बाजूच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरे स्टार्टरच्या बोल्टवर टेकवावे. क्लॅम्पवर टेकवल्यास खुंट व क्लॅम्प यांच्यामधील दोष निसटतो. ही चूक फार सामान्य आहे. सहकाऱ्याने काही सेकंद स्टार्टर फिरवला असता मीटरवर जो आकडा येतो, तीच त्या बाजूची एकूण घट होय. ती अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, मुख्य स्विचची दोन टोके असा एकेक टप्पा मोजत जावे. दोषी टप्पा स्वतःच समोर येतो.

हीच कृती ऋण बाजूस, म्हणजे ऋण खुंट ते स्टार्टरचे अंग अशी करणे अत्यावश्यक आहे. किनाऱ्यावरील पुष्कळ वायरमन मालमोटारींच्या कामातून आलेले असतात. तेथे लोखंडी सांगाडाच परतीचा मार्ग असतो. लाकडी वा फायबरच्या होडीत असा सांगाडा नसल्याने परतीची वायर प्रत्येक उपकरणापर्यंत न्यावी लागते, आणि नेमकी तीच उपेक्षित राहते.

दोन्ही बाजूंची घट अल्प असून स्टार्टर फिरताना खुद्द बॅटरीच्या खुंटांवर ९.५ व्होल्टहूनही कमी दिसत असेल, तरच संशय बॅटरीवर घ्यावा. तेव्हा हायड्रोमीटरने सहाही खाने तपासावेत; एकाच खान्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व इतरांहून स्पष्टपणे कमी असल्यास ती बॅटरी निकामी समजावी. तपासणीच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. जोडणी सोडताना ऋण वायर प्रथम काढावी. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यास अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

खाऱ्या पाण्यातील गळती

समुद्राचे पाणी विजेचे वाहक असल्याने होडीत आणखी एक दोष संभवतो. पंपाच्या धन वायरीचा सांधा तळाच्या पाण्यात बुडाला आणि त्यावरील टेप सुटली, की तेथून धारा पाण्यात झिरपते व तांबे विरघळू लागते. फॅराडेच्या नियमानुसार ०.१ अँपिअरची गळती एका दिवसात सुमारे २.८ ग्रॅम तांबे नेते, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचे सुमारे २० सेंटिमीटर लांबीतील तांबे एवढेच भरते. सांधा हिरवा पडून तुटतो, पंप थांबतो आणि पाणी चढू लागल्यावरच ते लक्षात येते. याची परीक्षा सोपी आहे. सर्व स्विच व पंपाचा स्वयंचलित मार्गही बंद ठेवून ऋण वायर सोडावी आणि तेथे अँपिअरमापक जोडावा. काही मिलिअँपिअरहून अधिक धारा दिसल्यास एकेक फ्यूज काढून ती कोणत्या शाखेत आहे ते पाहावे.

सुकाणू व पंख्याजवळ बसविलेले जस्ताचे ठोकळे या गळतीवर पुरेसा उपाय नव्हेत. ते भिन्न धातूंमधील नैसर्गिक क्षरणासाठी असतात. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्याचे याच तत्त्वाने रक्षण केले होते. गंमत अशी की तांबे विरघळेनासे झाल्यावर त्यावर समुद्री जीव व शेवाळ वाढू लागले आणि जहाजांची गती मंदावली.

बंदीचा काळ आणि प्रयोगशाळा

पावसाळी मासेमारीबंदीत होड्या शाकारून ठेवल्या जातात, मात्र बॅटरी बहुधा आहे त्या स्थितीत आतच राहते. अर्धवट भारित बॅटरी दोन महिने पडून राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि नारळी पौर्णिमेनंतर ती उठत नाही. बंदीपूर्वी ती पूर्ण भारित करून घरी आणणे व दरमहा पुन्हा भारित करणे एवढेच पुरते. लग उघडून घासणे, वेटोळ्यातील तांबे काळे पडले असल्यास तो तुकडा कापून टाकणे, कथिल चढविलेली तांब्याची वायर वापरणे ही कामेही याच काळात व्हावीत.

किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांना यातून एक प्रात्यक्षिकही योजता येईल. मोटारीचा ५५ वॅटचा दिवा, १२ व्होल्टची बॅटरी व होडीतून काढलेला एक गंजका लग एवढे साहित्य त्यास पुरे. सुमारे साडेचार अँपिअर धारा वाहत असताना लगच्या दोन्ही टोकांवर येणारी मिलिव्होल्टमधील घट विद्यार्थ्याने नोंदवावी, तीवरून रोध काढावा आणि त्याच रोधातून २०० अँपिअर वाहिल्यास किती व्होल्ट नष्ट होतील याचे गणित मांडावे. गंजका लग मागितल्यास कोणताही नाखवा आनंदाने देईल.