कालनिर्णयवर लिहिलेला ताप

दोन वर्षांच्या मुलाला दर महिन्याला ताप यायला लागला की अमेरिकेतल्या मराठी घरात कारणं तयार असतात. भारतातून आलेली आजी म्हणते, दाढा येताहेत. बाबा डेकेअरला बोल लावतो. अर्जंट केअरमधला डॉक्टर ‘व्हायरल’ म्हणून मोकळा होतो. बहुतेक वेळा बाबा आणि डॉक्टर दोघंही बरोबर असतात. डेकेअरला जाणारं मूल वर्षातून सात-आठ वेळा सर्दी-तापाने आजारी पडणं इथले बालरोगतज्ज्ञ नेहमीचंच धरतात. त्यातले बरेचसे आजार थंडीतच येतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च मूल सतत आजारीच आहे असं वाटतं. दाढांनी लाळ गळते, किरकिर वाढते, पण १००.४ फॅरनहाइटच्या वरचा खरा ताप दाढांच्या नावावर टाकू नये.

काही मुलांचं मात्र या कशातच बसत नाही. नाक वाहत नाही, खोकला नाही, घरात दुसरं कुणी आजारी नाही. पहाटे अंग एकदम तापतं, ताप १०३-१०४ पर्यंत जातो, चार-पाच दिवस हटत नाही आणि आला तसा निघून जातो. पुढचे तीन आठवडे मूल ठणठणीत. मग पुन्हा तेच.

अशा वेळी सर्वांत उपयोगी तपासणी घरातच होते, आणि तिला खर्च नाही. फ्रिजवर कालनिर्णय असेल तर दुधाचा हिशोब लिहायचे ते चौकोन इथे कामाला येतात. नोंद अशी असावी: ‘पहाटे ४, काखेत १०२.८. सर्दी नाही. खालच्या ओठाच्या आत पांढरा फोड. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी. आयबुप्रोफेन दिलं, दोन तासांनी १००, सहा तासांनी पुन्हा १०३.’ ताप कुठे मोजला तेही लिहायचं, कारण काखेतला आकडा कमी येतो. पुरळ उठलं तर फोटो काढून ठेवावा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते नाहीसं झालेलं असतं. आणि बरे दिवस कोरे सोडू नयेत. ‘खेळला, जेवला’ एवढं लिहिलं तरी डॉक्टरला पुष्कळ कळतं.

डॉक्टर या चौकोनांत तीन गोष्टी शोधतो: दोन तापांमधलं अंतर, प्रत्येक तापाची लांबी आणि मधल्या दिवसांतली तब्येत. अंतर तीन ते सहा आठवडे, ताप तीन ते सहा दिवस, सोबत तोंडात फोड, लाल घसा किंवा मानेला गाठी, आणि मध्ये वजन-उंची व्यवस्थित वाढतेय, असं दिसलं की पीएफएपीए हे नाव पुढे येतं. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गॅरी मार्शल, कॅथरीन एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अशा बारा मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून हा आजार ओळखला जाऊ लागला. तो साधारण पाच वर्षांच्या आत सुरू होतो. त्याची नक्की खूण सांगणारी रक्ततपासणी आजही नाही, म्हणून तर त्या चौकोनांना एवढी किंमत.

ताप बरोबर २१ दिवसांच्या अंतराने येत असेल तर सायक्लिक न्यूट्रोपेनियाची शंका घेतात. यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ठरावीक काळाने घटतात. ते पकडायला आठवड्यातून दोन-तीनदा, असं सहा आठवडे रक्त काढतात. मुलासाठी हे त्रासाचं आहे, पण शंका असेल तर टाळू नये. ताप एक-दोन दिवसांचाच आणि पोट किंवा छाती दुखत असेल, तर फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर; त्याचा जीन १९९७ साली सापडला. ताप आठवड्याहून लांबत असेल तर आणखी वेगळी नावं. न्यूट्रोपेनिया वगळता बाकीच्यांचा शोध घेणाऱ्यांत बेथेस्डाच्या एनआयएचमधले डॅन कॅस्टनर अग्रणी. या बाकीच्या तापांमागे कुठलाही जंतू नसतो. जंतू आल्यावर वाजायची शरीराची घंटा आपोआप वाजते, आणि मेंदू शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो.

जंतूच नाही, तर अँटिबायोटिकला गुण कसा येतो? येत नाही, पण आल्यासारखा दिसतो. घसा लाल म्हणून तिसऱ्या दिवशी गुलाबी औषध सुरू होतं, पाचव्या दिवशी ताप आपल्या वेळेला उतरतो आणि श्रेय बाटलीला जातं. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच बाटली. स्ट्रेपची चाचणी दर वेळी निगेटिव्ह येत असेल, तर आईबापांनी ‘हे कशासाठी?’ असं विचारायला संकोच करू नये.

नुकतीच भारतवारी झाली असेल तर ते आधी सांगावं, डॉक्टरने विचारायची वाट पाहू नये. मलेरिया आणि टायफॉइड इथल्या डॉक्टरच्या डोक्यात चटकन येत नाहीत. आजीच्या बॅगेतून आलेल्या औषधाबद्दलही सावध राहावं. इथलं टायलेनॉल आणि तिकडचं पॅरासिटामॉल औषध एकच. पण मुलांच्या टायलेनॉलमध्ये ५ मिलीत १६० मिलिग्रॅम असतं, तर तिकडच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. टायलेनॉलच्या मापाने ते थेंब ५ मिली पाजले तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. डोस नेहमी मुलाच्या वजनावर ठरवून घ्यावा. अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये.

आणि कॅलेंडर कितीही नेमकं असलं तरी काही वेळा ते बाजूला ठेवून इमर्जन्सी गाठायची: मान ताठणं, दाबल्यावर न मावळणारे जांभळे ठिपके, श्वासाला धाप, लघवी बंद, हाक मारूनही डोळे न उघडणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप एवढंच कारण पुरेसं आहे. ताप पाच दिवस टिकला आणि डोळे-ओठ लालभडक झाले, तर कावासाकी या आजाराची तपासणी लागलीच हवी.

पीएफएपीए ठरलं तर तापाच्या सुरुवातीला प्रेडनिसोलोनचा एक डोस दिला जातो आणि ताप काही तासांतच उतरतो. पण काही मुलांत पुढचा ताप त्यामुळे लवकर येतो. दुसरा मार्ग टॉन्सिल काढण्याचा. फिनलंडमध्ये २६ मुलांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला: शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्यांचा ताप सहा महिन्यांत थांबला होता, आणि न झालेल्या बारांपैकी सहांचाही. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. बरीच मुलं या आजारातून वयानुसार आपोआप बाहेर पडतात, त्यामुळे लहानग्याच्या शस्त्रक्रियेची घाई करावी का, हे शांतपणे ठरवता येतं.

तोवर नोकरीचं काय? डेकेअर चोवीस तास तापाविना गेल्याशिवाय मुलाला आत घेत नाही, म्हणजे महिन्यातला एक आठवडा घरीच. १९९३ च्या एफएमएलए कायद्यानुसार पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत, वर्षभर नोकरी आणि ठरलेले तास भरले असतील, तर वर्षाला बारा आठवडे बिनपगारी रजा मिळू शकते, आणि ती तुकड्यातुकड्यानेही घेता येते. त्यासाठी मुलाच्या डॉक्टरने भरलेला फॉर्म लागतो. ताप किती दिवसांनी येतो आणि किती दिवस टिकतो, हे त्यात लिहावं लागतं, आणि ती माहिती कालनिर्णयच्या चौकोनांत आधीच लिहिलेली असते.