दुसरा खर्डा

होमस्कूलिंग करणाऱ्या घरात गणिताची काळजी लवकर मिटते. उदाहरण बरोबर आलं की नाही हे पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं. लेखनाचं तसं नाही. मूल पंधराचं झालं, परीक्षा दिसू लागली, की आईबाप हवालदिल होऊन एकमेकांना विचारायला लागतात: हिला लिहायला शिकवायचं म्हणजे रोज नक्की काय करायचं?

आम्ही सिंगापुरात पाया लेबारला राहतो, एमआरटी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इथला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००० साली झाला आणि २००३ पासून लागू आहे. मुलाला घरी शिकवायचं तर शिक्षण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते आणि प्राथमिकच्या शेवटी पीएसएलई परीक्षेत ठरलेली पातळी गाठावी लागते. पण हा कायदा सिंगापूरच्या नागरिकांसाठी, आणि तोही प्राथमिक शिक्षणापुरता. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या माध्यमिक वयाच्या मुलीला तो लागू होत नाही. काय शिकवायचं हे कोणी सांगत नाही, आणि चुकलं तर कोणी अडवतही नाही.

लेकीने केंब्रिजची आयजीसीएसई परीक्षा बाहेरून, खासगी परीक्षार्थी म्हणून द्यायची ठरवली, तेव्हा मी आधी ‘फर्स्ट लँग्वेज इंग्लिश’चा अभ्यासक्रम नीट वाचला. लेखनाची प्रश्नपत्रिका दोन तासांची, ८० गुणांची. अर्धे गुण दिलेले उतारे वाचून लिहायच्या भाषणाला, पत्राला किंवा लेखाला. त्याला साधारण २५० ते ३५० शब्द. उरलेले अर्धे गुण वर्णन किंवा गोष्ट लिहायला, ३५० ते ४५० शब्दांत. पहिल्या भागातल्या ४० गुणांपैकी १५ गुण वाचनाचे आहेत. म्हणजे उतारा समजून, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळल्याचे गुण. शिवाय प्रत्येक वेळी हे कोणासाठी लिहायचं ते प्रश्नातच सांगितलेलं असतं: मुख्याध्यापकांना, शेजाऱ्यांना, वर्तमानपत्राच्या वाचकांना. मला त्यातून अर्धं उत्तर मिळालं. समोर कोण आहे हे ओळखायचं आणि आधी नीट वाचायचं.

मग प्रश्न आला की हे कोणी शिकवायचं. सिंगापुरात ट्यूशन सेंटर कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. तिथे मुलांना बहुतेकदा ‘पील’ नावाचा साचा शिकवतात: मुद्दा मांडा, पुरावा द्या, स्पष्टीकरण द्या, मूळ प्रश्नाशी जोडा. साचा वाईट नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरलेल्या मुलाला तो हात देतो. पण सांगण्यासारखं काही जवळ असेल तरच तो उपयोगी पडतो, आणि ते जमवायचं कसं हे साच्यात कुठेच नाही. अमेरिकन होमस्कूलिंग कुटुंबांत चालणारे तयार अभ्यासक्रमही पाहिले. एकात उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याचे दोन-तीन कळीचे शब्द टिपून त्यावरून पुन्हा लिहायचं असतं. दुसऱ्यात मुक्तपणे लिहू द्यायचं आणि मग त्यातलं चांगलं निवडायचं. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेची जुनी रीत मला सगळ्यांत जवळची वाटली: वाचलेलं पुस्तक मिटवून आपल्या शब्दांत सांगायचं, लहानपणी तोंडी आणि दहाच्या पुढे हळूहळू लेखी. आपल्याकडे कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथेही मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला अभ्यासात मानाची जागा होती. या सगळ्यांतून मी एकच गोष्ट पक्की घेतली. आठवड्याला नवे पाच निबंध लिहून घ्यायचे नाहीत. एकच घ्यायचा आणि तो पुन्हा लिहायचा.

ते कसं चालतं हे दाखवायला एक पत्र देते. ते इंग्रजीत नव्हतं. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळशिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. तेव्हा मराठी लिहायचं तर घरीच, आणि तिच्या मराठीला जिवंत वाचक आहे: मालवणची आजी. विषय होता गेलांग सराईचा बाजार, आमच्या घरापासून दहा-बारा मिनिटांवरचा. पहिला खर्डा असा होता:

“गेलांग सराईचा बाजार खूप मोठा आणि गजबजलेला आहे. तिथे वेगवेगळ्या प्रकारचे मासे, भाज्या आणि मसाले मिळतात. वातावरण अगदी उत्साही असतं. मला तिथे जायला खूप आवडतं.”

यात एकही चूक नाही. लाल पेन घेऊन बसलेल्या माणसाला इथे काहीच काम नाही, आणि म्हणूनच असे निबंध वर्षानुवर्षं दहापैकी सात गुण घेऊन सुटतात. ही चार वाक्यं दादरबद्दल खरी आहेत, सांगलीच्या बाजाराबद्दलही खरी आहेत. मी समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: आजी या बाजारात आली तर आधी काय बघेल?

ती वही घेऊन सकाळी पुन्हा गेली. दुसरा खर्डा:

“आजी, खाली मासळीच्या ओट्यांवर बर्फात बांगडे मांडलेले असतात, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. एक मलय आजी आली. तिने न विचारता एकाचा कल्ला उघडून पाहिला, तो परत ठेवला, दुसरा घेतला. विकणारा काही बोलला नाही. तिच्या पिशवीत आधीच पंडनची पानं होती. जेवायचे स्टॉल वरच्या मजल्यावर आहेत, म्हणून मासे घेतानाही तळणीचा वास येत राहतो.”

‘खूप’, ‘वेगवेगळ्या’, ‘उत्साही’ हे शब्द मी खोडले नव्हते. ते आपोआप गेले, कारण आता त्यांच्या जागी सांगायला काहीतरी होतं. कल्ला उघडून बघणं आजीला लगेच ओळखू येईल हे तिच्या लक्षात आलं होतं. शेवटचं वाक्य मला सुरुवातीला हवं होतं, वास आधी येतो म्हणून. तिने मानलं नाही. “आई, आजीला आधी मासे दाखवायचेत.” वाचकाचा विचार करून दिलेलं कारण होतं ते, म्हणून वाक्य जिथल्या तिथे राहिलं. पत्र पोचल्यावर आजीचा फोन आला, आणि पहिला प्रश्न होता: बांगडे कसे दिले? पत्रात भाव नव्हता. पुढच्या पत्रात तो आला, डॉलरमध्ये आणि रुपयांतही.

खर्डा तपासताना मी एका वेळी एकच गोष्ट धरते. पहिल्या वाचनात फक्त मजकूर: काय दिसलं, काय दिसलं नाही. दुसऱ्यात क्रम. शुद्धलेखन आणि विरामचिन्हं सगळ्यांत शेवटी, पक्की प्रत करताना. मुलीच्या वहीवर पहिल्याच दिवशी ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांचा सडा पडला तर दुसऱ्या दिवशी ती फक्त ज्यांचं ऱ्हस्व-दीर्घ येतं असेच शब्द वापरते. पहिला खर्डा हाताने लिहायचा, हा घरचा नियम. संगणकावरची यंत्रं तिच्यापेक्षा गुळगुळीत परिच्छेद एका क्षणात देतात, पण बाजारात जाऊन कोण कल्ला उघडतं हे त्यांना बघता येत नाही, आणि मला तिचे डोळे तयार करायचे आहेत.

वर्णनाचं असं जमतं. युक्तिवाद शिकवणं अधिक अवघड, आणि त्यासाठी आम्हाला गुरू मिळाल्या त्या इरावती कर्वे. त्यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ हे पुस्तक १९६७ सालचं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि इंग्रजी आवृत्तीही त्यांनी स्वतःच सिद्ध केली. त्यामुळे एकच लेखिका दोन भाषांत कशी लिहिते हे आम्हाला शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतं. विदुर हा युधिष्ठिराचा पिता असेल का, हा प्रश्न घेऊन त्या महाभारतातलेच दाखले एकेक करून मांडतात. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी स्वतःला ज्या रीतीने लिहायला शिकवत असे, तीच रीत इथे वापरली: लेख वाचायचा, दाखल्यांची टिपणं काढायची, पुस्तक काही दिवस बाजूला ठेवायचं, टिपणांवरून आपला लेख लिहायचा आणि मग मूळ लेखाशी ताडून बघायचा. ताडताना लेकीला दिसलं की तिच्या लेखात निष्कर्ष पहिल्याच ओळीत ठणकावून आला होता आणि दाखले त्याच्यामागे घाईघाईने उभे केलेले होते. बाईंच्या लेखात शंका दाखल्यांबरोबर चालते. हे समजावायला मला तासभर लागला असता. तिने दोन पानं समोर ठेवून पाच मिनिटांत पाहिलं.

सध्या वहीत विषय आहे पाया लेबारचा हवाई तळ. नाव आमच्या स्टेशनचंच, पण तळ इथून उत्तरेला काही किलोमीटरवर आहे. १९५५ ते १९८१ तो सिंगापूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ होता. चांगी सुरू झाल्यावर हवाई दलाकडे गेला. २०३० नंतर तो हलवायचा आणि सुमारे ८०० हेक्टर जमीन मोकळी करायची, असं तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी २०१३ साली जाहीर केलं. तळ आणि आसपासच्या भागात दीड लाख घरं बसतील असं २०२२ साली सांगितलं गेलं. लेकीचं म्हणणं, जुनी धावपट्टी आणि प्रवासी इमारत जशीच्या तशी राखावी, लोकांना तिथे चालू द्यावं. भाषण रहिवाशांसमोर करायचं आहे, अगदी परीक्षेतल्यासारखं.

पहिला खर्डा सुंदर होता आणि त्यात तिच्याशी असहमत होणारं कोणीच नव्हतं. दुसऱ्यात तिने घरांचा आकडा घातला, पण आकड्यामागचं माणूस अजून नव्हतं. काल संध्याकाळी समासात मी लिहिलं: श्रोत्यांमध्ये नवं लग्न झालेलं एक जोडपं आहे, सरकारी फ्लॅटची वाट बघत सासू-सासऱ्यांकडे एका खोलीत राहणारं. त्यांच्याकडे बघून बोल. तिने ते वाचलं, वही मिटली आणि विचारलं की एवढ्या जमिनीत धावपट्टी किती जागा घेते हे कुठे मिळेल. तिसरा खर्डा त्या हिशोबापासून सुरू होतोय.