आधी वाटी, मग फेरी

अमेरिकेतील पाळीव प्राण्यांच्या स्थूलपणाचा मागोवा घेणाऱ्या ‘असोसिएशन फॉर पेट ओबेसिटी प्रिव्हेन्शन’ या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत ५९ टक्के कुत्रे प्रमाणाबाहेर जाड आढळले. अशा कुत्र्याचे वयही उतरणीला लागलेले असले, की त्याला रोज लांबवर फिरवून आणावे, चेंडूमागे पळवावे, म्हणजे चरबी झडेल, असा विचार घरात सहज पुढे येतो. परंतु वजन उतरते ते प्रामुख्याने जेवणाच्या वाटीतून. व्यायामाचे काम वेगळे आहे आणि या दोहोंचा क्रम उलटला तर त्याचा भार म्हाताऱ्या सांध्यांवर पडतो.

हिशेब साधा आहे. चालताना कुत्र्याच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते असे ढोबळ मानाने धरले, तर ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दोन किलोमीटर चालवून जेमतेम ६० किलोकॅलरी खर्च होतात, आणि तूप लावलेल्या एका पोळीत त्याहून जास्त असतात. याउलट त्याच कुत्र्याची विश्रांत ऊर्जागरज, म्हणजे नुसते पडून राहिले तरी श्वसन, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब टिकवण्यासाठी लागणारी ऊर्जा, दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी असते. वजन उतरवताना पशुवैद्य ही गरज कुत्र्याच्या आजच्या नव्हे, तर अपेक्षित वजनावरून काढतात, साधारण तेवढ्याच आहारापासून सुरुवात करतात आणि खाऊचा वाटा त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. हे अन्न कपाने न मापता काट्यावर ग्रॅममध्ये तोलणे बरे, कारण कपाचे माप घरातील प्रत्येकाच्या हातात वेगळे भरते.

आहाराचे हे माहात्म्य प्युरिना कंपनीच्या, १९८७ साली सुरू झालेल्या आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या दीर्घ प्रयोगातून ठळक झाले. त्यात ४८ लॅब्रॅडॉरांच्या, एकाच वेतातील पिल्ले निवडून, जोड्या लावल्या होत्या आणि जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले जात होते. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे, सांध्यांच्या झिजेवरील उपचारांची गरजही पहिल्या गटाला बरीच उशिरा पडली. सांधे झिजलेल्या १४ स्थूल कुत्र्यांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर वजन सुमारे सहा टक्क्यांनी घटताच लंगडणे लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. ४० किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत ही घट अडीच किलोंच्याही आत भरते. वृत्तपत्रांनी मात्र अधिक नाट्यमय उदाहरण उचलले होते: ओरेगन राज्यातील पोर्टलंडचा ओबी हा डॅक्सहुंड २०१२ मध्ये ७७ पौंडांचा, म्हणजे ३५ किलोंचा होता, एरवी या जातीचा थोराड कुत्राही साधारण ३२ पौंडांपर्यंतच भरतो. पुढे त्याचे वजन निम्म्याहून खाली आले आणि लोंबणारी कातडी शस्त्रक्रियेने काढावी लागली. लांब पाठ आणि आखूड पाय असलेल्या या जातीत मणक्यांमधील चकती सरकण्याची भीती मुळातच मोठी असते. तेव्हा अशा देहाला पहिल्याच आठवड्यात पळवण्यातला धोका वेगळा सांगायला नको.

मग व्यायाम कशासाठी? अन्न कमी झाले की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते, आणि वार्धक्यात स्नायू आपोआप आटतच असतात. या क्रियेला मांसक्षय म्हणतात. मांड्यांचे स्नायू शाबूत राहिले तरच कुत्रा स्वतःच्या बळावर उठू शकतो. ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ या अमेरिकी प्रकल्पाने २०२२ मध्ये १५,०१९ कुत्र्यांची माहिती तपासली, तेव्हा निष्क्रिय कुत्र्यांत वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाचे प्रमाण चपळ कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. अर्थात बुद्धिभ्रंश झालेला कुत्रा हिंडायचे सोडतो हेही खरे असल्यामुळे, यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

सुरुवात तपासणीने करावी. अवटु ग्रंथी मंदावल्यामुळे किंवा कुशिंग विकारामुळे, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक अतिरिक्त झाल्यामुळे, पोट सुटलेले असेल तर उपाय औषधाचा आहे. हृदय आणि श्वसनाची स्थिती कळल्याशिवाय चालण्याचे प्रमाण ठरवता येत नाही. पशुवैद्य बरगड्या चाचपून आणि कंबर पाहून शरीरस्थितीला एक ते नऊ गुण देतात. चार-पाच गुण योग्य मानले जातात आणि पाचाच्या वरचा प्रत्येक गुण साधारण दहा टक्के जादा वजन दाखवतो. सांधे दुखत असतील तर आधी वेदना आटोक्यात आणावी लागते, मात्र माणसांसाठीची आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला विषारी ठरू शकते.

यानंतरची चाल कंटाळवाणी वाटावी इतकी संथ असते: सपाट, शक्यतो गवताळ जागी, गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा बांधून, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, आणि कुत्र्याला ती सोसल्यास दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंग आखडून उठला किंवा लंगडला, तर आदल्या दिवशीचे चालणे जास्त झाले असे समजून माप मागे घ्यावे. चेंडूफेक टाळावी, कारण धावता धावता गर्रकन वळताना गुडघ्याचा बंध तुटतो आणि जड कुत्र्यांत तो अधिक सहज तुटतो. आठवडाभर सोफ्यावर लोळणाऱ्या कुत्र्याला शनिवारी डोंगरवाटेवर नेण्याची अमेरिकी कुटुंबांची हौस याच कारणासाठी घातक आहे.

उन्हाचा धोका वेगळा. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होते आणि चरबीचा थर त्या कामात अडथळा आणतो. आखूड नाकाच्या जातींच्या आणि स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडलेल्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरांच्या तर दमट उन्हाळा जिवावर बेततो. ॲरिझोना-टेक्सासमध्ये डांबरी रस्त्यावर पालथा हात सात सेकंद टेकवता आला नाही, तर फेरी पहाटेवर ढकलावी. जमिनीवर चालणेच सोसत नसेल, तर पाण्यातल्या ट्रेडमिलचा उपयोग होतो: पाणी खुब्यापर्यंत असले की पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ३८ टक्केच भार येतो, गुडघ्यापर्यंत असले तर मात्र ८५ टक्के, त्यामुळे नुसते पाय भिजवून काही साधत नाही.

औषधाने हा खटाटोप वाचेल, अशी आशा २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या स्थूलपणावरील डिरलोटापाइडला मान्यता दिली तेव्हा निर्माण झाली होती. ते औषध पुढे बाजारातून गेले. उरला तो वजनकाटा. दर दोन आठवड्यांनी, शक्यतो दवाखान्यातील एकाच काट्यावर तोलून, आठवड्याला एक ते दोन टक्के घट होते आहे का हे पाहिले जाते. महिनाभर काटा हललाच नाही, तर फेऱ्या वाढवण्याआधी भारतातून आलेले आजी-आजोबा किंवा शाळकरी मुले ताटातले काय काय टेबलाखाली सरकवतात, याची चौकशी पशुवैद्य करतात. त्यात कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा मनुके असतील तर प्रश्न वजनापुरता राहत नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि मनुके मूत्रपिंड निकामी करू शकतात.