गोळी आणि माणूस : केशरी रंगाचं आधीच सांगा

इथल्याच, अमेरिकेतल्या एडिसनच्या, एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर दुसरं काही सुचेना. त्यांच्या आईचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. मेडिकलमध्ये टीबीची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी चार महिने रिफॅम्पिन दिलं, म्हणजे आपल्याकडचं रिफॅम्पिसिनच. आईंनी ते दोन दिवस घेतलं आणि लेकीला न सांगता बंद केलं. आठवड्याने बाटली भरलेली दिसली, तेव्हा कुठे उलगडा झाला. लघवी लाल झाली होती आणि आईंना वाटलं, रक्त जातंय.

मला यात आईंचा काहीच दोष दिसत नाही. खोकला नाही, ताप नाही, धडधाकट बाई. औषध सुरू होताच लघवी लाल झाली, तर कुठलाही शहाणा माणूस हात आखडता घेईल. हे आधी सांगायला हवं होतं आणि ते काम औषध हातात देणाऱ्याचं होतं.

आईंसारख्या, चाचणी पॉझिटिव्ह पण आजार नाही अशा सुप्त टीबीत हे सांगणं जास्तच महत्त्वाचं. 1 ऑक्टोबर 2018 पासून ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये दोन वर्षं आणि त्यापुढच्या अर्जदारांची ही रक्तचाचणी होते. लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीने ती फसत नाही, त्यामुळे ‘ती लस आहे हो’ म्हणून निकाल उडवून लावता येत नाही. सुप्त टीबी निघाला तर आरोग्य खात्याला कळवलं जातं, पण त्यासाठी कार्ड अडत नाही आणि उपचाराची सक्तीही नाही. उपचार न घेतलेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो. तो टाळण्यासाठी निरोगी माणसाने चार महिने रोज औषध घ्यायचं, तेही निव्वळ स्वतःच्या मर्जीने. अशी मर्जी पहिल्याच धक्क्याला मोडते.

आता त्या रंगाबद्दल, कारण तो माझा फार जुना जिव्हाळ्याचा विषय. 1957 साली मिलानच्या लेपेती कंपनीत दक्षिण फ्रान्समधून आणलेल्या मातीच्या नमुन्यात एक जीवाणू सापडला. त्याने तयार केलेल्या पदार्थांना संशोधकांनी त्या वेळी गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या चित्रपटावरून नाव दिलं. त्यांतूनच पुढे तोंडाने घ्यायचं रिफॅम्पिसिन तयार झालं. 1968 मध्ये ते इटलीत विकायला आलं, 1971 मध्ये अमेरिकेत. हे औषध मुळातच विटकरी लाल. कॅप्सूल उघडली तर बोटं रंगतात. शरीरातून बाहेर पडताना ते लघवी, घाम, लाळ, अश्रू सगळ्यांना केशरी छटा देतं.

या रंगाचा उपयोगही झालेला आहे. 1956 पासून मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स आणि त्यांचे सहकारी घरी राहून टीबीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांकडे अचानक जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. औषध खरंच पोटात गेलं की नाही, हे ओळखायला तेव्हा रसायनं लागत. रिफॅम्पिसिन आल्यावर नुसत्या डोळ्यांनीही अंदाज बांधता येऊ लागला. म्हणजे ज्या रंगाने या आई घाबरल्या, तोच औषध अंगात पोचल्याची खूण होता. पहिली कॅप्सूल घेण्याआधी हे कळलं असतं, तर लाल लघवी बघून त्यांना उलट धीर आला असता.

मग कुणी सांगितलं का नाही? 1990 च्या केंद्रीय कायद्याने, 1993 पासून, मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेच्या रुग्णांना औषध समजावून सांगण्याची तयारी दाखवणं फार्मासिस्टवर बंधनकारक झालं. बहुतेक राज्यांनी ते सगळ्यांनाच लागू केलं. प्रत्यक्षात गल्ल्यावरची मुलगी इंग्रजीत भराभर विचारते, ‘फार्मासिस्टला काही विचारायचंय?’ काकू संकोचाने ‘नो, नो, थँक यू’ म्हणतात, पडद्यावर बोटाने सही करतात आणि पिशवी घेऊन निघतात. औषध अजून घेतलेलंच नाही, तर विचारणार काय?

म्हणून फार्मसीच्या काउंटरवर असताना मी प्रश्नाची वाट बघत नसे. ‘काकू, उद्यापासून लघवी केशरी-लालसर होईल. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. पांढऱ्या ब्लाउजला घामाचे डाग पडतील. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर चार महिने चष्मा लावा, डाग जात नाहीत.’ आणि लगेच दुसरी बाजू : ‘लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली किंवा मळमळायला लागलं, तर मात्र औषध थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.’ ते यकृताचं लक्षण. हे दोन रंग वेगळे करून सांगितले नाहीत, तर माणूस पहिल्याला घाबरतो किंवा दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो.

त्यानंतरचा प्रश्न आपल्या लोकांना हमखास विचारावा : भारतातून कुठल्या गोळ्या आणल्यात? सहा महिन्यांचा साठा बॅगेत असतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची अम्लोडिपिन. इथल्या फार्मसीच्या संगणकाला त्यांचा पत्ताच नसतो. रिफॅम्पिन यकृताला इतकं कामाला लावतं की या गोळ्यांचा अंमल कमी होतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा तर फारच. साखर चढते, दोष नशिबाला जातो. काकूंना सांगायचं, ‘तो डबा उद्या घेऊन या,’ आणि एकेक पाकीट काउंटरवर ठेवून वाचायचं. औषध संपल्यावरही दोनेक आठवडे हा परिणाम रेंगाळतो, म्हणून वाढवलेला डोस तेव्हा पुन्हा बघावा लागतो.

आता पत्राचं उत्तर. ताई, आईंचा कोर्स वाया गेलेला नाही. एकूण 120 डोस व्हायला हवेत आणि ते सहा महिन्यांत पुरे झाले तरी चालतात. किती दिवस चुकले ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा. चुकलेले डोस एकदम देऊ नका. रोज एकाच वेळी, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. सकाळच्या चहा-बिस्किटाआधी तासभर घेतलं तर उत्तम. आणि कॅप्सूल मोजून आईंवर पहारा ठेवू नका. रंगाचं त्यांना स्वतःच सांगू द्या.